सॅक्सोफोनची चिकटणारी गादी

सांगलीच्या पावसाळ्यातील दमट हवेत सॅक्सोफोनची जी-शार्पची (जीपेक्षा अर्ध्या स्वराने उंच स्वराची) कळ दाबूनही, छिद्र झाकणारी तिची चामड्याची गादी न उचलता छिद्राला चिकटून राहते, आणि शिकणाऱ्याला मात्र आपले बोटच चुकले असे वाटते, कारण ऐकू येतो तो साधा जी.

१. छपाई नसलेला सिगारेटचा पातळ कागद गादी आणि छिद्राची कड यांच्यामध्ये सरकवावा.
२. गादी हलक्या हाताने दाबून काही क्षण धरावी, मग ती पूर्ण उचलून कागद काढावा. कागदावर ओलसर, पिवळट गोल ठसा दिसतो.
३. कोरड्या जागेने हेच पुन्हा करावे आणि ठसा उमटेनासा झाला की थांबावे.

गादी दाबलेली असताना कागद ओढू नये, चामड्यावरचे पातळ आवरण फाटते. पावडर किंवा तेल तर मुळीच लावू नये. मिरज हाकेच्या अंतरावर असली तरी तेथील कारागिरांची ख्याती सतार-तंबोऱ्याची आहे, त्यामुळे गादी बदलण्याची वेळच न आणलेली बरी. वादनापूर्वी चहासोबत गोड काही खाल्ले असल्यास चूळ भरावी, कारण चिकटपणाचे मूळ बहुधा साखर मिसळलेल्या लाळेतच असते.