‘बी’ गटाची लस आणि जिवाणूंची बदलती प्रथिनं: या चुका टाळा

रिपोर्टवर ‘नायसेरिया मेनिंजायटिडिस, गट बी’ (मेनिंगोकॉकस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जिवाणू) एवढं दिसलं की बरेच जण लगेच विचारतात, मग बीची लस यावर चालेल ना? एवढ्या माहितीवर ते सांगता येत नाही, आणि बाकीच्या बहुतेक चुका या घाईतूनच सुरू होतात.

ए, सी, डब्ल्यू, वाय या गटांचं सोपं असतं. त्यांच्या लशी जिवाणूच्या कवचातल्या शर्करेपासून बनवतात आणि गट ठरतो तोही त्याच कवचावरून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक २०१०च्या डिसेंबरात बुर्किना फासोत सुरू झाली आणि आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या पट्ट्यातून ए गट जवळजवळ नाहीसा झाला. सी, डब्ल्यू आणि एक्सच्या साथी येत राहिल्या, म्हणून पुढे पाच गटांची मेनफाइव्ह आली. तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. पण त्या पाचांतही बी नाही. बीचं कवच पॉलिसायलिक आम्लाचं असतं आणि तसंच आम्ल वाढत्या गर्भाच्या चेतापेशींवरही असतं. शरीर त्याला परकं मानत नाही, त्यामुळे त्यावर चांगली प्रतिपिंडं तयार होत नाहीत.

म्हणून बीच्या लशी जिवाणूच्या बाह्यपटलावरच्या प्रथिनांवर बेतल्या. बेक्सेरोमध्ये फॅक्टर एच बाइंडिंग प्रोटीन, म्हणजे एफएचबीपी, शिवाय एनएचबीए, नॅडए आणि न्यूझीलंडमधल्या साथीच्या स्ट्रेनपासून (जिवाणूच्या उपप्रकारापासून) काढलेल्या पटलाच्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, आहेत. या पुटिकांमधला महत्त्वाचा अँटिजेन (प्रतिपिंडं ज्याला ओळखतात तो घटक) म्हणजे पोरए. ट्रुमेन्बामध्ये फक्त एफएचबीपी आहे, पण त्याची दोन रूपं. ही प्रथिनं स्ट्रेनगणिक बदलतात. एकट्या एफएचबीपीचेच हजाराहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत.

क्रमांकांचा गोंधळ

विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. एफएचबीपीला दोन कंपन्यांनी आपापली नावं दिली. एका पद्धतीत व्हेरियंट १, २, ३. दुसरीत उपकुल ए आणि बी. यातला उपकुल बी म्हणजे व्हेरियंट १, आणि २ व ३ मिळून उपकुल ए. बेक्सेरोतला एफएचबीपी पेप्टाइड (प्रथिनाचा नेमका क्रम) कुठे १.१ लिहिलेला सापडेल, कुठे बी२४, तर पबएमएलएसटी या जिवाणूंच्या जनुकांच्या खुल्या माहितीसाठ्यावर नुसता १. ट्रुमेन्बातले ए०५ आणि बी०१ तिथे ४५ आणि ५५ असतात. दोन शोधनिबंधांतले आकडे एका रकान्यात चिकटवण्याआधी सगळे पबएमएलएसटीच्या पेप्टाइड क्रमांकात आणा. जनुकाचा अ‍ॅलील क्रमांक आणि पेप्टाइडचा क्रमांकही वेगवेगळे असतात. लशीशी जुळवायचा तो पेप्टाइडचा. उपकुलातल्या ‘बी’चा गट बीशी काही संबंध नाही, हेही नवख्याला सांगावं लागतं.

पोरएचा सापळा वेगळा. लशीतला प्रकार पी१.७-२,४ असा लिहितात आणि जुळणी बघायची ती स्वल्पविरामानंतरच्या ४ची. पहिला ७-२ जुळला म्हणून खूश होऊ नका. एक्सेलमध्ये नुसता ४ शोधलात तर १४वालेही हाताला लागतील.

जनुक दिसलं म्हणजे प्रथिन असेलच असं नाही

एफएचबीपीच्या जनुकात कधी फ्रेमशिफ्ट (वाचनाची चौकट सरकवणारा बदल) असतो आणि प्रथिन अर्धवटच राहतं. नॅडएची गंमत आणखी पुढची आहे. बऱ्याच वंशांत हे जनुकच नसतं. ज्यांत असतं तिथे प्रमोटरजवळच्या (जनुक चालू करणाऱ्या भागाजवळच्या) टीएएए या अक्षरक्रमाच्या पुनरावृत्ती कमीजास्त होऊन प्रथिनाचं प्रमाण बदलतं. त्यातच नॅडआर नावाचा दमनकारक ते दाबून ठेवतो. लाळेतल्या एका चयापचयजन्य रेणूमुळे हा दाब सैल होतो, पण प्रयोगशाळेच्या माध्यमात तो रेणू नसतो. त्यामुळे प्लेटवर वाढवलेल्या जिवाणूत नॅडए कमी दिसतो, माणसाच्या शरीरात कदाचित जास्त असेल. जनुक सापडत नसेल तर आधी ते कॉन्टिगच्या (जीनोमच्या जोडून मिळालेल्या तुकड्याच्या) टोकाशी तुटलंय का ते बघा, मगच ‘अनुपस्थित’ लिहा.

राखाडीला लाल समजणं

जीनोमवरून लशीशी जुळणी सांगणारा मेनडेव्हार निर्देशांक रंगांत उत्तर देतो. हिरवा म्हणजे किमान एक अँटिजेन लशीतल्याशी तंतोतंत जुळतो. पिवळा म्हणजे तंतोतंत नाही, पण प्रयोगांत लशीच्या प्रतिपिंडांनी तो प्रकार ओळखलेला आहे. लाल म्हणजे तपासलं आणि ओळख दिसली नाही. राखाडी म्हणजे पुरेशी तपासणीच झालेली नाही. बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतल्या स्ट्रेनवर झालेत, त्यामुळे इतर देशांतल्या नमुन्यांत राखाडी जास्त दिसला तर नवल नाही. तो लालमध्ये मिळवून ‘लस निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे न तपासलेल्या पेपरला नापास करणं.

उलट चूकही होते. २०१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात गट बीची साथ आली, तेव्हा अमेरिकेत अजून मान्यता नसलेली बेक्सेरो खास परवानगीने आणून विद्यार्थ्यांना दिली. साथीच्या स्ट्रेनचा एनएचबीए पेप्टाइड लशीतल्यासारखाच होता आणि एफएचबीपी लशीतल्याच उपकुलातला होता. तरीही दोन डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांच्याच रक्तात त्या स्ट्रेनला मारणारी प्रतिपिंडं आढळली. लस घेतलेल्यांत कुणी आजारी पडलं नाही, ही चांगली गोष्ट. पण स्ट्रेनशी जुळणी आणि माणसातली प्रतिकारशक्ती ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

टक्केवारीची सरमिसळ

मॅट्स ही चाचणी स्ट्रेनवर प्रथिन किती आहे आणि ते लशीच्या प्रतिपिंडांना किती जुळतं, हे एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने मोजते. त्यावरून युरोपातल्या पाच देशांच्या स्ट्रेनसाठी ७८ टक्के, इंग्लंड-वेल्ससाठी ७३ टक्के व्याप्तीचा अंदाज आला. हा आकडा लशीची परिणामकारकता म्हणून छापला जातो, तसं करू नका. तो स्ट्रेनचा हिशेब आहे, मुलांचा नाही, आणि तोही हात आखडून केलेला. इंग्लंड-वेल्समधले निवडक स्ट्रेन लस घेतलेल्यांच्या रक्तद्रवाने प्रत्यक्ष मारून पाहिले तेव्हा ८८ टक्के मेले. सप्टेंबर २०१५ पासून ब्रिटनने बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. तीन वर्षांनंतर इंग्लंडमध्ये लसपात्र वयोगटांत गट बीचे रुग्ण अपेक्षेपेक्षा ७५ टक्क्यांनी कमी दिसले. हा आकडा मात्र रुग्णांचा आहे.

मॅट्सला जिवंत कल्चर लागतं. लंबर पंक्चरच्या (पाठीतून पाणी काढण्याच्या) आधीच प्रतिजैविक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलेलं असेल तर कल्चर उगवत नाही आणि असे रुग्ण हिशेबातून गळतात. अशा वेळी पाठीच्या पाण्यातल्या डीएनएवर पीसीआर करून किमान पोरए आणि एफएचबीपीचा क्रम तरी काढून ठेवावा. नमुना फेकू नका, गोठवा.

लस घेतली म्हणजे प्रसार थांबला?

दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५,००० शाळकरी मुलांवर हे तपासलं. बेक्सेरो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या घशातल्या मेनिंगोकॉकसच्या प्रमाणात फरक पडला नाही. मेनआफ्रिव्हॅकने घशातला ए गटही घटवला होता, म्हणून तिथे लस न घेतलेल्यांनाही संरक्षण मिळालं. ते गणित बीच्या प्रथिन-लशीला लावता येत नाही. अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी: कॉलेजच्या फॉर्मवर ‘एसीडब्ल्यूवाय’ची खूण झाली म्हणजे बीची लस झाली असं नाही. तिचा रकाना वेगळा असतो, आणि बेक्सेरोने सुरुवात केली असेल तर पुढचे डोस ट्रुमेन्बाचे चालत नाहीत.