कोल्हापुरात बॉटलब्रशचे बोन्साय

बोन्सायवरील बहुतेक मार्गदर्शन जपानी हवामान गृहीत धरून केलेले असते. त्यातला ‘झाड थंडीत विसावले असताना मुळे छाटावीत’ हा सल्ला मी डिसेंबरात बॉटलब्रशला लावला आणि माझे पहिले झाड गमावले. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या या सदाहरित झाडाची पाने थंडीतही पाणी बाहेर टाकत असतात, मात्र मुळांची वाढ मंदावलेली असल्याने छाटलेली मुळे लवकर भरून येत नाहीत. म्हणून कोल्हापुरात त्याची कुंडी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावरच बदलावी. तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि मुळे जोमाने फुटतात. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक मुळे काढू नयेत, आणि सगळी माती धुऊन मुळे उघडी तर मुळीच करू नयेत.

रोपवाटिकेतून झाड निवडताना फुलांपेक्षा बुंध्याकडे पाहावे. बोटाने वरची माती सारून मुळे चारी दिशांना पसरली आहेत की पिशवीत गोल वेटोळे घालून बसली आहेत, हे तपासावे. बियांपासूनही रोपे होतात, परंतु बुंधा जाड होण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

पंचगंगेकाठची काळी माती उथळ कुंडीत चिकट गोळा होऊन बसते, म्हणून ती टाळावी. चाळून धूळ काढलेला जांभ्याचा किंवा विटांचा चुरा दोन भाग आणि कुजलेला पालापाचोळा एक भाग हे मिश्रण मला मानवले आहे. आषाढातल्या संततधारेत कुंडीची भोके बुजली नाहीत ना, हे मात्र अधूनमधून पाहावे.

खरी परीक्षा पाण्याची असते. निसर्गात बॉटलब्रशच्या अनेक जाती ओढ्यांच्या काठी वाढतात, त्यामुळे कुंडी एकदाही पूर्ण कोरडी पडलेली त्यांना सोसत नाही. जुनी पाने कडक असल्याने झाड तहानलेले असूनही ताठ दिसते. फक्त शेंड्यावरची तांबूस, रेशमी लव असलेली कोवळी पालवी किंचित मान टाकते. तेवढी खूण दिसताच पाणी द्यावे, कारण पाने कुरकुरीत झाल्यावर दिलेले पाणी बहुधा वाया जाते. एप्रिल-मे महिन्यांत कुंडीखाली बोटभर पाण्याचे ताट ठेवले तरी चालते. इतर बोन्सायना हा लाड करू नये. बोअरचे जड पाणी सतत दिल्यास नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी वापरावे आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) पाकिटावरील प्रमाणात द्यावे.

फुलाचा तुरा फांदीला वेढून येतो आणि शेंडा त्याच्याही पुढे वाढत राहतो. फूल गळाल्यावर मण्यांसारखी कठीण बोंडे फांदीला वर्षानुवर्षे चिकटून राहतात. म्हणून तुरा सुकताच त्याच्या लगेच मागे छाटावे, नाहीतर फांद्या लांबच लांब आणि मध्ये उघड्या होतात. सशक्त झाडाला जुन्या लाकडावरही नवे डोळे फुटतात, त्यामुळे धाडसी छाटणी करता येते. मात्र तीही उष्ण हंगामातच करावी. जाड फांद्या बुडाशी कडकन मोडतात, तेव्हा ॲल्युमिनियमची तार कोवळेपणीच गुंडाळावी. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते. जूनमध्ये घातलेली तार गणपतीपर्यंत तशीच ठेवल्यास सालीत रुतते, म्हणून ती दर आठवड्याला तपासावी.

याच पद्धतीने सुरूचे झाडही वाढवता येते. त्याची हिरवी ‘पाने’ म्हणजे खरे तर सांधे असलेल्या बारीक डहाळ्या असतात. त्याच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात, म्हणून कुंडी बदलताना थोडी जुनी माती नव्या मिश्रणात अवश्य घालावी. सिल्व्हर ओकच्या वाटेला मात्र शक्यतो जाऊ नये: त्याची मोठी पाने लहान कुंडीत शोभत नाहीत आणि त्याच्या कुळातल्या अनेक झाडांना जास्त स्फुरद (फॉस्फरस) बाधते, त्यामुळे सवयीने घातलेली मूठभर स्फुरदयुक्त हाडांची भुकटीही त्याला अपायकारक ठरू शकते.