कांगेर घाटीच्या गुहा आणि धुरवांची गावे : जाण्यापूर्वी काय ठरवावे, गेल्यावर कसे वागावे

छत्तीसगडमधील बस्तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या जगदलपूरपासून दक्षिणेकडे सुकमा-कोंट्याच्या रस्त्याला लागले की साधारण तीस किलोमीटरवर कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान सुरू होते. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ जंगल १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. बहुतेक प्रवासी सकाळी कोटुमसरची गुहा, दुपारी तीरथगडचा धबधबा आणि संध्याकाळी पुन्हा जगदलपूर असा एका दिवसाचा कार्यक्रम आखतात. माझा आग्रह मात्र किमान दोन रात्रींचा आहे आणि त्यांतली एक रात्र तरी उद्यानाच्या कडेच्या, धुरवा या आदिवासी समाजाच्या एखाद्या गावात काढावी असा आहे. गुहेत दिवा धरून पुढे चालणारा, नदीत बांबूचा तराफा वल्हवणारा आणि पहाडी मैनेच्या घरट्यावर लक्ष ठेवणारा माणूस याच गावांतला असतो. त्याच्या गावात न थांबता केलेली सहल मला अपुरी वाटते.

सर्वांत आधी महिना ठरवावा लागतो, कारण येथे एकाच वेळी सगळे पाहायला मिळत नाही. पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, त्यामुळे कोटुमसरची गुहा त्या काळात बंद असते आणि साधारण नोव्हेंबरमध्ये उघडून जूनच्या मध्यापर्यंत खुली राहते. याउलट तीरथगडचा आणि इंद्रावतीवरच्या चित्रकोटचा धबधबा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ऐन भरात असतो. बस्तरचा पंचाहत्तर दिवस चालणारा दसराही ऑक्टोबरच्या आसपास संपतो. दसऱ्यासाठी आलेले अनेक जण गुहेच्या दाराशी येऊन परत फिरतात, याचे कारण हेच. गुहा आणि धबधबा दोन्ही हवे असतील, तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ धरावा. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापते, पण मोहाची फुले वेचण्याचा हंगाम त्याच दिवसांतला असतो. गावाचे जीवन जवळून पाहण्याची इच्छा असणाऱ्याने तो काळ वगळू नये. झाडाखालची झाडून स्वच्छ केलेली जागा दिसली की ती कोणाच्या तरी कमाईची जागा आहे हे ओळखून बाजूने चालावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना नागपूर-रायपूर हा मार्ग सोयीचा पडतो. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या गाड्या रायपूरला थांबतात आणि तेथून जगदलपूरपर्यंतचा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता धमतरी, कांकेर, केशकाळचा घाट आणि कोंडागाव असा जातो. रात्रीच्या बसने वेळ वाचतो हे खरे; तरीही जाताना किंवा येताना एकदा तरी हा प्रवास दिवसा करावा, म्हणजे केशकाळच्या वळणांवरून पठार चढतानाचा बदल दिसतो आणि ढोकरा या मेणाच्या साच्यातून केलेल्या धातूच्या ओतकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोंडागावात तासभर उतरता येते. दुसरा मार्ग विशाखापट्टणमहून अराकूमार्गे किरंदुलकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा आहे. गडचिरोलीतील सिरोंचा, तेथून भोपालपट्टणम, बिजापूर आणि गीदम असाही रस्ता आहे, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याने तो निवडू नये आणि निवडलाच तर तो उजेडातच संपवावा.

जगदलपूरला पोचल्यावर लगेच जंगलाकडे धावण्यापेक्षा तेथील मानववंशशास्त्रीय संग्रहालयात अर्धा दिवस द्यावा. धुरवा, मुरिया, हलबा, भतरा या समाजांची अवजारे, वस्त्रे आणि मासे धरण्याची साधने येथे पाहिलेली असली, की पुढे गावात गेल्यावर प्रत्येक वस्तूबद्दल ‘हे काय?’ असे विचारत बसावे लागत नाही. बाजारात कानावर पडणारी हलबी ही बस्तरची बोली मराठी माणसाला बरीचशी उमगते. ‘बस्तरचो’, ‘हामचो’ अशी रूपे ऐकून कोकणातून आलेल्याला तर विशेष आपलेपणा वाटेल. धुरवा लोकांची स्वतःची भाषा मात्र द्रविड कुळातली आणि पूर्णपणे वेगळी आहे. व्यवहारासाठी साधी हिंदी पुरते.

आता कोटुमसरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तयारीची खरी गरज येथेच आहे. नाक्यावर प्रवेशपत्र घ्यावे लागते, जंगलातल्या रस्त्यासाठी वाहनाची व्यवस्था तेथेच होते आणि गुहेत वाटाड्याशिवाय जाता येत नाही. शुल्क आणि वेळा बदलत असल्यामुळे आदल्या दिवशी जगदलपुरात वन विभागाकडे चौकशी करावी. फोनवरून पैसे देण्याइतके नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत. विशाखापट्टणमजवळची बोरा गुहा पाहिलेले लोक तशाच रुंद, रंगीत दिव्यांनी उजळलेल्या दालनांची अपेक्षा घेऊन येतात. कोटुमसर तशी नाही. तोंड इतके अरुंद आहे की एका वेळी एकानेच अंग चोरून खाली उतरावे लागते, पायऱ्या ओल्या असतात आणि त्यानंतर वाटाड्याच्या हातातल्या दिव्याशिवाय दुसरा उजेड नसतो.

आत वर्षभर साधारण अठ्ठावीस अंशांच्या आसपास तापमान आणि भरपूर दमटपणा असतो. हिवाळ्याच्या सकाळी बाहेर थंडी असल्यामुळे लोक स्वेटर घालून येतात आणि आत शिरताच घामाघूम होतात. चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर क्षणात वाफ धरते. म्हणून सुती पातळ कपडे घालावेत, गरम कपडे गाडीतच ठेवावेत, मागे पट्टा नसलेली चप्पल टाळून घट्ट पकड असलेले बूट घालावेत आणि दोन्ही हात मोकळे राहतील असे पाहावे. हवा खेळती नसल्याने दम्याचा किंवा हृदयविकाराचा त्रास असलेल्यांनी तसेच बंदिस्त जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी आत जाण्याचा हट्ट धरू नये. गुहेच्या मध्यावरून एकट्याला परत पाठवता येत नाही, त्यामुळे एकाचा त्रास सगळ्या गटाचा होतो. शक्य असल्यास सुट्टीचा दिवस टाळून सकाळी लवकर जावे, कारण आतल्या माणसांची संख्या वाढली की हवा झपाट्याने जड होते.

ही गुहा चुनखडीच्या खडकात पाण्याने कोरली आहे. हा खडक इतका प्राचीन आहे की तो साचला तेव्हा जमिनीवर झाडे नव्हती. पाण्यात विरघळलेला चुना थेंबाथेंबाने साचून छतापासून खाली आणि जमिनीपासून वर लवणस्तंभ वाढतात. हाताचा तेलकटपणा त्या पृष्ठभागावर बसला की पुढचा थर नीट धरत नाही आणि तेथील वाढ खुंटते. त्यामुळे ‘एकदाच हात लावून पाहतो’ असे म्हणणारा माणूस आपल्या नातवंडांनाही भरून काढता येणार नाही असे नुकसान करून जातो. अनेक ठिकाणी तुटलेली टोके दिसतात. लहान मुले बरोबर असतील, तर हे त्यांना बाहेरच समजावून सांगावे.

१९५० च्या दशकात भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी या गुहेचा शास्त्रीय शोध घेतला. येथे आढळलेल्या एका गुहावासी रातकिड्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव जोडलेले आहे. गुहेतल्या डबक्यांपाशी आल्यावर वाटाड्याला थांबायला सांगावे आणि दिवा तिरपा धरून पाण्याकडे शांतपणे पाहावे. बोटाच्या दोन पेरांएवढा, फिकट, जवळजवळ रंगहीन मासा तळाच्या गाळावरून सरकताना दिसतो. त्याचे डोळे इतके खुरटलेले असतात की सर्वत्र तो ‘आंधळा मासा’ म्हणूनच ओळखला जातो. अभ्यासकांनी हा मासा ज्या जातीत धरला, त्या जातीचे पहिले वर्णन १८७२ मध्ये झाले ते पुण्याच्या नमुन्यांवरून. आपल्या मुळा-मुठेतल्या मुरी माशाचे हे अंधारात राहिलेले भावंड आहे, ही गोष्ट मला या संपूर्ण सहलीतली सर्वांत विलक्षण वाटते. पाण्यात हात घालू नये, खडा टाकू नये आणि त्याच्यावर प्रखर प्रकाश फार वेळ धरू नये.

कैलास आणि दंडक या गुहाही याच उद्यानात आहेत. त्या उघड्या आहेत का, हे नाक्यावर विचारूनच पुढचा बेत करावा. कैलास गुहेतले पोकळ स्तंभ वाजवले की सूर निघतात असे सांगितले जाते. ते खरे असले तरी वाजवू नयेत. तीरथगडचा धबधबा सुमारे तीनशे फुटांवरून टप्प्याटप्प्याने उतरतो. उतरताना सोप्या वाटणाऱ्या पायऱ्या चढताना दमवतात, तेव्हा ज्येष्ठांनी वरूनच पाहिले तरी चालेल. शेवाळलेल्या खडकांवर छायाचित्रासाठी जाऊ नये. भैंसादरहा या कांगेर नदीच्या संथ डोहात मगरी आहेत. तेथे पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

मुक्कामासाठी मी धुडमारास सुचवेन. कांगेर नदीकाठच्या या धुरवा गावाची २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने ग्रामीण पर्यटनाच्या आपल्या उन्नयन कार्यक्रमासाठी निवड केली. गावातील तरुण पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करतात आणि बांबूच्या तराफ्यातून व कयाकमधून नदीची सफर घडवतात. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय तराफ्यावर बसू नये. गावात येत असल्याचे आधी कळवावे, कारण जेवण घरातले असते आणि त्याची तयारीही घरच्या माणसांनाच करावी लागते. आयत्या वेळी दहा जणांनी दाराशी उभे राहणे त्यांना परवडत नाही. जेवणात भात, डाळ, रानभाजी आणि नाचणीची पेज असते. लाल मुंग्या आणि त्यांची अंडी मिरची-मिठाबरोबर पाट्यावर वाटून केलेली चापडा चटणी द्रोणात वाढली जाते, तेव्हा तोंड वाकडे न करता चिमूटभर चाखावी. आधी झणझणीत तिखट लागते आणि मग कच्च्या कैरीसारखा आंबटपणा जिभेवर येतो. नको असल्यास नम्रपणे नाही म्हणावे. त्याचे कोणी वाईट मानत नाही. मोहाची दारू, लांदा (तांदळापासून केलेले मद्य) किंवा सल्फी (ताडासारख्या झाडाचा मादक रस) समोर आली, तर ते पाहुणचाराचा भाग म्हणून घोटभर घ्यावे किंवा हात जोडावेत. ती मागवून मैफल जमवू नये.

धुरवांचे बांबूकाम प्रसिद्ध आहे. टोपली विकत घ्यायची असेल, तर ती विणणाऱ्या हातांकडूनच घ्यावी आणि भाव पाडू नये. माणसांचे, घरांच्या आतल्या भागाचे आणि विशेषतः देवगुडीचे, म्हणजे गावच्या देवस्थानाचे, छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. देवगुडीच्या आवारात पादत्राणे घालून जाऊ नये. ‘आमच्यासाठी नाचून दाखवा’ अशी मागणी करू नये. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण तिने मुले प्रत्येक गाडीमागे धावू लागतात. काही द्यायचे असेल, तर शाळेत शिक्षकांना विचारून वह्या द्याव्यात.

येथे हिंडताना एक इतिहास ठाऊक असावा. १९०५ मध्ये ब्रिटिश सरकारने बस्तरच्या जंगलापैकी दोन-तृतीयांश भाग राखीव करण्याचा आणि फिरती शेती, शिकार व वनोपज गोळा करणे थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. काही गावांना जंगलात राहू दिले गेले, पण त्यांनी वन खात्यासाठी झाडे तोडण्याचे आणि वाहण्याचे काम फुकट करावे अशी अट होती. राखीव जंगलाची आखणी प्रथम झाली ती याच कांगेरच्या रानात आणि त्याविरुद्धच्या उठावात पुढाकार घेतला तो येथल्याच धुरवांनी. आंब्याच्या डहाळ्या, मातीचे ढेकूळ, मिरच्या आणि बाण हे निरोप म्हणून गावोगाव फिरले. १९१० चा हा उठाव, ज्याला भूमकाल म्हणतात, चिरडला गेला, तरी राखीव क्षेत्र मूळ प्रस्तावाच्या जवळपास निम्म्यावर आणावे लागले. त्या लढ्याचे नेते गुंडाधूर याच परिसरातल्या नेतानार गावचे. वाटाडा ‘आमचे जंगल’ म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांमागे एवढे सगळे असते. त्याचा मेहनताना ठरवताना घासाघीस करण्यापूर्वी हे आठवावे.

गावात मुक्काम असला की पहाटेचे जंगल मिळते आणि पहाडी मैना दिसण्याची खरी संधी तेव्हाच असते. काळ्या तुकतुकीत अंगाची, डोळ्यामागे पिवळी कातडी असलेली आणि माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी ही मैना छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे. ती सालाच्या उंच झाडांच्या ढोलीत घरटे करते. पिंजऱ्यासाठी होणारी पकड हा तिच्यावरचा मोठा घाव होता. आता ‘मैना मित्र’ म्हणून काम करणारे स्थानिक तरुण घरट्यांवर लक्ष ठेवतात. त्यांच्याबरोबर जावे आणि मोबाइलवर तिचा आवाज वाजवून तिला बोलावू नये.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. याच रस्त्यावरच्या झीरम घाटीत २५ मे २०१३ रोजी राजकीय नेत्यांच्या ताफ्यावर नक्षलवाद्यांनी भीषण हल्ला केला होता. आज पर्यटक मोठ्या संख्येने येतात, तरीही निघण्यापूर्वी जगदलपुरात परिस्थितीची चौकशी करावी, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोचावे, वाटाड्याविना आडवाटेने जाऊ नये आणि सुरक्षा दलांच्या तळांची छायाचित्रे काढू नयेत. ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे.

त्याहून अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे हिवताप. बस्तरमध्ये फाल्सिपॅरम प्रकारचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा हिवताप आढळतो. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डास पळवणारे मलम लावावे आणि मच्छरदाणीतच झोपावे. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. परतल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला, तर तो साधा समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण बस्तरच्या जंगलात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना विचारण्याची वाट न पाहता सांगावे.