सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजुषा घ्यायची असेल तर

ठाण्यातल्या चरईतल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांतली एक संध्याकाळ सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजुषेसाठी राखलेली असते आणि प्रश्न मी काढते. आता वर्तकनगरच्या, घणसोलीच्या ओळखीच्या मंडळींचे फोन येतात : "काकू, आमच्याकडेही घ्यायची आहे, कशी घेऊ?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून पन्नास प्रश्न उचलू नका. राजधान्या, चलनं, कोणत्या देशाचा राष्ट्रीय पक्षी कोणता, असल्या प्रश्नांत पाठ असलेला जिंकतो आणि बाकीचे खुर्चीत बसून कंटाळतात. मांडवात आजी असतात, कॉलेजातली मुलं असतात, पहिलीतलं पोर पुढ्यात मांडी घालून बसलेलं असतं. उत्तर पाठ नसलं तरी डोकं चालवून तिथवर जाता आलं पाहिजे, असा प्रश्न हवा. मी तरी प्रत्येक प्रश्नाला हीच अट लावते.

रेल्वेचंच घ्या. "बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी कधी धावली?" हे ठाण्यात विचारण्यात अर्थ नाही. १६ एप्रिल १८५३ ही तारीख इथल्या मुलांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असते. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावंही बऱ्याच जणांना येतात. मग मी त्याच गोष्टीच्या पुढचं विचारते : "रूळ ठाण्याला पोहोचले, पण कल्याणपर्यंत गाडी जायला १ मे १८५४ उजाडला. ठाणे आणि कल्याणच्या मध्ये रेल्वेला कोणते दोन अडथळे ओलांडायचे होते?" तारीख प्रश्नातच देऊन टाकली, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच उरला नाही. ज्यानं एकदाही लोकलने कल्याण गाठलंय त्याला खिडकीतून दिसलेलं आठवायला लागतं. आमच्याकडे चौथीतल्या एका मुलीने "कळव्याच्या आधी पूल लागतो ना, म्हणजे खाडी!" असं ओरडून सांगितलं आणि तिच्या आजोबांनी पारसिकचा डोंगर जोडला. पुढे माहिती म्हणून सांगायचं की मोठा पारसिक बोगदा नंतरचा, १९१६ सालचा. उत्तर सांगितल्यावर अशी एक ओळ जोडायला तयार ठेवा. लोक घरी जाऊन तीच ओळ दुसऱ्याला सांगतात.

विज्ञानाचे प्रश्न काढायला लोक घाबरतात, खरं तर ते सगळ्यात सोपे. व्याख्या विचारायची नाही, चित्र उभं करायचं. "चंद्रावर भर दुपारी उभे राहून वर पाहिलं तर आकाश कोणत्या रंगाचं दिसेल?" काळं. पृथ्वीवरचं आकाश निळं दिसतं ते हवेतले रेणू सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात म्हणून. चंद्राला म्हणावं असं वातावरणच नाही, मग विखुरणार कोण? किंवा खाडीवरचे फ्लेमिंगो घ्या. ते गुलाबी का, हे ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला निघणाऱ्या बोटीत बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं : त्यांच्या खाण्यातल्या शेवाळात आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांत जी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. म्हणून मी उलटं विचारते : "अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं फ्लेमिंगोचं पिल्लू गुलाबी असेल का?" ज्याला कारण समजलंय तो उत्तर काढतोच. त्याने अजून ते खाल्लेलं नाही, म्हणून करडं-पांढरं. इथे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं, हे जोडून द्यावं. आपल्या दारातली गोष्ट आहे, अभिमानाने सांगावी.

आता शब्दांकडे लक्ष द्या, कारण मांडवातली भांडणं शब्दांवरून होतात. "पहिला", "सर्वात मोठा", "सर्वात जास्त" हे शब्द आले की थांबायचं. "भारतातली पहिली रेल्वे" असं लिहिलंत तर कुणीतरी उठून १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहण्यासाठी रूळ टाकले होते, असं सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल. "पहिली प्रवासी गाडी" लिहिलं की वाद मिटला.

काही उत्तरं तर पायाखालून सरकतात. सर्वात जास्त चंद्र असलेला ग्रह म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरू पुढे गेला होता. मेमध्ये शनी पुढे गेला, आणि मार्च २०२५ मध्ये १२८ नवे चंद्र मान्य झाल्यावर शनीचे २७४ झाले. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि तालुके सात उरले. जुन्या पुस्तकात पाहाल तर वसई, डहाणू, जव्हार सगळे आपलेच दिसतात. आणि किनारपट्टी! भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर आणि महाराष्ट्राचा ७२०, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. आता सरकारी आकडा भारताचा ११,०९८ आणि महाराष्ट्राचा सुमारे ८७८ आहे. समुद्राने नवी जमीन दिली नाही. आधीची मोजणी १९७० च्या दशकातली, मोठा प्रदेश लहान करून दाखवणाऱ्या नकाशावरची. नवी जास्त बारकाव्याच्या नकाशावरची. खाडीची जी वळणं जुन्या नकाशात सरळ रेषेत गडप व्हायची, ती आता मोजली गेली. मला हा आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा प्रश्न वाटतो : "किनारा तिथेच आहे, मग लांबी वाढली कशी?" मोठ्या मुलांच्या फेरीत हा जरूर घ्या. एका दोरीने आणि कागदावर काढलेल्या वाकड्या रेषेने तिथल्या तिथे दाखवताही येतो.

उत्तर पडताळल्याशिवाय प्रश्न कागदावर घ्यायचा नाही, याबाबतीत मी फार कडक आहे. व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही मी वापरत नाही. हॉकी हा राष्ट्रीय खेळ, हे अजून सर्रास विचारलं जातं, पण सरकारने कोणताच खेळ तसा जाहीर केलेला नाही. कोकणातलं उदाहरण सांगते, कारण ते ऐकायला इतकं सुंदर आहे की तपासावंसंच वाटत नाही. "हेलियमचा शोध लॉकियरने विजयदुर्गावरून लावला." १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं. पण त्या ग्रहणात आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटाचं निरीक्षण केलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेनने. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने त्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा नोंदवली ती इंग्लंडमधून, त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅमसे या शास्त्रज्ञाला. विजयदुर्गाला मोठेपण द्यायला ही दंतकथा लागत नाही. त्याच्या तटबंदीवर आणि आरमारावर दहा प्रश्न निघतात.

पडताळायला कुठे जायचं? मराठी विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो. जुन्या ठाण्याबद्दल काही असेल तर १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, उघडते. आणि आपल्याकडे १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जाऊन बसा. दोन स्वतंत्र ठिकाणी उत्तर जुळलं तरच प्रश्न ठेवायचा.

इतिहासाचे प्रश्न आपल्या पायाखालच्या जागेपासून सुरू करा. "पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला आज कशासाठी वापरला जातो?" रोज मध्यवर्ती कारागृहावरून जाणाऱ्यालाही हे माहीत नसतं. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले, हे सांगितलं की मांडव कान टवकारतो. आणखी एक मला फार आवडतो : "माहेर कल्याणचं, १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. झाल्या, आणि शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. कोण?" शुक्राचं कुणाला माहीत नसतं, पण पहिल्या दोन खुणांवरून आनंदीबाई जोशींपर्यंत सगळे पोहोचतात. तसाच किल्ल्यांचा : "२०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एकच महाराष्ट्राबाहेर आहे. राजाराम महाराजांना आठवा." तामिळनाडूतली जिंजी.

बाकी व्यवस्था थोडक्यात. चार संघ करा, प्रत्येकात एक बारा वर्षांखालचं मूल आणि एक साठीच्या पुढचं माणूस सक्तीने घ्या. संघांना तलावांची नावं द्या : मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी. थेट उत्तराला दहा गुण, पास होऊन आलेल्याला पाच, चुकीला वजाबाकी नाही. गुण कापले की लहान मुलं तोंडच उघडत नाहीत. प्रश्न दोनदा वाचा, तीस सेकंद द्या. प्रत्येक उत्तराखाली "हेही चालेल" असं लिहून ठेवा. कुणी "तुरुंग" म्हणेल, कुणी "जेल", कुणी "कारागृह". प्रश्न आदल्या दिवशी घरात मोठ्याने वाचून पाहा. वाचताना दम लागला तर वाक्य मोडा.

बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न ठेवा आणि जवळचा आकडा सांगणाऱ्याला जिंकवा. कळसूबाईची उंची किती मीटर? १,६४६. बोरीबंदर ते ठाणे अंतर किती किलोमीटर? ३४. दोन्ही संघ पाटीवर आकडा लिहून एकदम वर धरतील. आम्ही सातला सुरू करून नऊच्या आरतीआधी संपवतो, म्हणजे स्पीकर बंद करायच्या वेळेआधी बक्षिसंही होतात. दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न, उत्तरं आणि ती जोडलेली एकेक ओळ नोटीस बोर्डावर लावा. जे आले नाहीत तेही लिफ्टची वाट बघताना वाचतात.