याकोबाचे पत्र पाच आठवड्यांत आचरणात कसे आणावे

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला प्रेषितांची पत्रे अनोळखी नसतात. उपासनेत त्यांतील एखादा उतारा वाचला जातो, लग्नविधीत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय कानावर पडतो, आणि कित्येकांना तो तोंडपाठही असतो. अडचण अशी आहे की, ही पत्रे आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचतात. ज्या मंडळ्यांसाठी ती लिहिली गेली, त्यांनी कोणाच्या तरी घरी जमून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली, आणि घरी परतल्यावर त्यांना त्याच शेजाऱ्यांशी, त्याच नोकरांशी आणि त्याच भाऊबंदांशी वागायचे होते. ऐकणे आणि वागणे यांच्यामधले ते थोडे अंतर पुन्हा साधायचे असेल, तर एका वेळी एकच पत्र हाती घ्यावे आणि त्याच्यासोबत काही आठवडे राहावे, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. सुरुवातीसाठी मी याकोबाचे पत्र सुचवतो.

या पत्राचे अध्याय पाच आणि वचने १०८. त्यात पन्नासच्या आसपास आज्ञा आहेत, म्हणजे साधारण दर दोन वचनांमागे एक ‘हे करा’ किंवा ‘हे करू नका’. आचरणाची वाट शोधणाऱ्याला इतके सरळ बोलणारे पत्र नव्या करारात दुसरे नाही. परंपरेनुसार त्याचा लेखक म्हणजे प्रभू येशूचा भाऊ याकोब. तो बारा शिष्यांपैकी नव्हता, परंतु गलतीकरांस लिहिताना प्रेषित पौल इतर प्रेषितांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेत निर्णायक शब्द त्याचाच ठरतो. इ.स. ६२ मध्ये यरुशलेमेत त्याला दगडमार करून मारण्यात आले, अशी नोंद यहुदी इतिहासकार जोसेफस याने केली आहे.

तयारी फार लागत नाही. न अडखळता वाचता येईल असे मराठी पवित्र शास्त्र, एक साधी वही, आणि शक्य असल्यास घरातील किंवा मंडळीतील एकदोन माणसे एवढे पुरे. भाषांतर कोणते घ्यावे याचा फार काथ्याकूट करू नये. आपल्याला आणि सोबतच्या माणसाला कळते ते घ्यावे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले, ते बेताच्या शिक्षणाच्या माणसालाही शास्त्र समजावे म्हणूनच.

पहिल्या दिवशी संपूर्ण पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचावे. वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. मनातल्या मनात वाचू नये, कारण ही पत्रे मुळात ऐकण्यासाठी होती. कलस्सैकरांना पौल सांगतो की, हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा. रोमकरांस लिहिलेले पत्र तर किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिच्या हाती गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मोठ्याने वाचताना आवाज जिथे आपोआप मंद होतो किंवा जिथे वाक्य लवकर संपवून पुढे जावेसे वाटते, तिथे समासात पेन्सिलीने बारीक खूण करावी. आपले काम बहुतेक तिथेच असते.

दुसऱ्या दिवसापासून आठवड्याला एक अध्याय घ्यावा. तो रोज सकाळी वाचावा, त्यातील आज्ञांखाली रेघ ओढावी, आणि त्यांपैकी फक्त एक निवडून वहीत लिहावी. तिच्यासमोर एका माणसाचे नाव लिहावे. हे नाव लिहिणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘मी अधिक प्रेमाने वागेन’ असा संकल्प सोमवारी केला तर बुधवारपर्यंत विरून जातो. ‘धाकट्या जावेचे बोलणे मध्येच न तोडता ऐकेन’ असे लिहिले, तर ते पाळले की मोडले हे रात्री निजताना कळते. वचन नुसते ऐकून सोडणाऱ्याला याकोब आरशाची उपमा देतो: माणूस आपला चेहरा पाहतो, निघून जातो, आणि आपण कसे होतो हे लगेच विसरतो. वहीतले नाव आपल्याला आरशासमोरून लगेच हलू देत नाही.

दुसऱ्या अध्यायापाशी थोडे अधिक थांबावे. याकोब तिथे एक प्रसंग उभा करतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, उंची कपड्यांचा माणूस येतो आणि मळक्या वस्त्रांतला गरीबही येतो. पहिल्याला ‘इथे चांगल्या जागी बसा’ असे आदराने सांगितले जाते, आणि दुसऱ्याला ‘तू तिथे उभा राहा’ किंवा ‘माझ्या पायाशी बस’ असे फर्मावले जाते. याकोब याला शिष्टाचारातली चूक म्हणून सोडून देत नाही. हा पक्षपात पाप आहे असे तो स्पष्ट लिहितो. आपल्या मंडळ्यांत हा प्रसंग दर रविवारी घडू शकतो, आणि जातीच्या जुन्या ओळखी बाप्तिस्म्यानंतरही लग्न जुळवताना, पंच निवडताना आणि जेवणाच्या पंगतीत डोके वर काढतात, हे आपण सारे जाणतो. म्हणून या आठवड्याचा अभ्यास चर्चमध्येच करावा. उपासनेला दहा मिनिटे आधी जावे, नेहमीची जागा सोडावी, आणि जो एकटा किंवा दाराजवळ बसला आहे त्याच्या शेजारी बसावे. त्याचे नाव विचारावे, ते लक्षात ठेवावे, आणि पुढच्या रविवारी त्याला त्या नावाने हाक मारावी. दारात स्वागताला उभे राहण्याची जबाबदारी असलेल्यांनी तर हा उतारा महिन्यातून एकदा वाचावाच.

त्याच अध्यायात, उघड्या आणि उपाशी भावाला किंवा बहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्याचे उदाहरण आहे. ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने उच्चारतो, ती सहजता इथे तपासली जाते. प्रार्थना अवश्य करावी, पण त्यासोबत काय न्यायचे हेही तेव्हाच ठरवावे: किलोभर तांदूळ, औषधाच्या चिठ्ठीचे पैसे, किंवा रुग्णालयात रात्री सोबत बसण्याची तयारी. मिझोरममधील ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीला देण्याची रीत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. गरज समोर आल्यावर देऊ म्हणणारा बहुधा कमी देतो, आणि आधीपासून काढून ठेवणाऱ्याकडे काहीतरी असतेच. पौलानेही करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितले होते.

इथेच एक गैरसमज वाटेत येतो, आणि तो निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नये. माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे पौल रोमकरांना लिहितो. याकोब म्हणतो की केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. मार्टिन ल्यूथरला हे इतके खटकले की १५२२ सालच्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने या पत्राला गवताच्या काडीचे पत्र म्हटले, मात्र शास्त्रातून ते वगळले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे दोघे दोन वेगळ्या माणसांशी बोलत आहेत. सुंतेसारखे विधी पाळून देवाजवळ हक्क मिळतो असे मानणाऱ्याला पौल थांबवतो, आणि ओठांनी विश्वास सांगून घरी हातावर हात ठेवून बसणाऱ्याला याकोब उठवतो. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात: पौल त्याने वचनावर विश्वास ठेवला त्या घडीचे, याकोब त्याने इसहाकाला वेदीवर ठेवले त्या घडीचे. म्हणून वहीतल्या आज्ञा पाळल्याने आपण देवाला उपकृत करतो, अशी भावना मनात येऊ लागली की रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचावा, आणि ‘कृपाच आहे, मग काय करायचे’ असे वाटू लागले की याकोबाकडे परत यावे.

तिसरा अध्याय जिभेचा. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचे लहानसे सुकाणू, रानाला लागणारी ठिणगी, या उपमा इतक्या परिचित आहेत की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. या आठवड्यात एकच नियम पाळून पाहावा: जो माणूस समोर नाही, त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलता येणार नाही असे काही बोलू नये आणि भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवूही नये. सात दिवसांत आपल्या गप्पांपैकी किती गळून पडते हे पाहून धक्का बसतो. ज्या तोंडाने देवाची स्तुती करतो त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप देतो, हे याकोबाचे गाऱ्हाणे रविवारच्या उपासनेहून घरी परतताना वाटेतल्या बोलण्याला नेमके लागू पडते.

चौथा अध्याय भांडणांच्या मुळाशी जातो आणि उद्याचे बेत आखताना ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणायला शिकवतो. हे शब्द आपल्या बोलण्यात आधीच आहेत. ते उच्चारताना त्यांचा अर्थ मनात यावा, एवढेच करायचे आहे.

पाचव्या अध्यायाने मला स्वतःला फार अस्वस्थ केले. ज्या मजुरांनी शेते कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असे तिथे आहे. एका संध्याकाळी हे वचन मी घरी मोठ्याने वाचत होतो. महिन्याची नऊ तारीख होती. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार अजून दिलेला नव्हता. पैसे नव्हते म्हणून नाही, बँकेत जायचे राहिले म्हणून. त्या रोज येत होत्या, काही बोलत नव्हत्या, आणि ते न बोलणे मी समाधान समजत होतो. दुसऱ्या दिवशी पाकीट देताना त्यांनी ते न उघडता कमरेला खोचले आणि म्हणाल्या, “बरं झालं दादा, आज गॅसवाला येणार होता.” तेव्हापासून महिन्याच्या तीस तारखेलाच पाकिटावर नाव घालून ते स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवण्याचा आमचा नेम आहे. ‘सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी दे’ ही जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातली आज्ञा याकोबाला ठाऊक होतीच. शेतावर माणसे लावणाऱ्यांनी, दुकानात पोरे ठेवणाऱ्यांनी, संस्थांमध्ये शिपायांच्या पगाराच्या पत्रकावर सही करणाऱ्यांनी या आठवड्यात आपण कोणाचे किती देणे लागतो याची यादी करावी, आणि शनिवारच्या आत ती मिटवावी.

याच अध्यायाच्या शेवटी आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि एकमेकांजवळ पापे कबूल करावीत असे सांगितले आहे. येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी. प्रार्थनेसाठी औषध बंद करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. तेल हे त्या काळी जखमेवरचे औषधही होते, आणि येशूच्या दृष्टांतातला दयाळू शोमरोनी जखमी प्रवाशाच्या घावांवर तेल आणि द्राक्षारसच ओततो. कबुली द्यायची ती ज्याच्या तोंडून बाहेर जाणार नाही अशा माणसाजवळ, आणि ज्याचा अपराध केला त्याच्याजवळ; ती पंचायतीत मांडायची गोष्ट नव्हे. बारा प्रेषितांची शिकवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अगदी प्राचीन पुस्तिकेत असा नियम आहे की, ज्याचे सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडण्याच्या सभेत येऊ नये. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की त्याच्या आधीच्या शुक्रवारी किंवा शनिवारी एक फोन करण्याची सवय लावून घ्यावी. फोन उचलला गेला नाही तर पुन्हा करावा, आणि तरीही नाही तर घरी जावे.

पाच आठवड्यांनंतर वही पुन्हा चाळावी. काही नावांपुढे काहीच झालेले नसेल, त्यावर नवी तारीख घालावी. मग पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र काढावे. त्यात अवघी पंचवीस वचने आहेत. पळालेला दास अनेसिम याला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घरात घे, असे पौल तुरुंगातून लिहितो, आणि ‘तो तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन’ हे वाक्य तो स्वतःच्या हाताने लिहितो. ते वाचून झाल्यावर वहीचे नवे पान उघडावे, आणि ज्याची बाजू आपण स्वतःच्या खिशाला किंवा नावाला झीज सोसून घेऊ शकतो, अशा एका माणसाचे नाव वर लिहावे.