काकांची बिलबुकं आणि काय-स्क्वेअर

बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकताना प्रोजेक्टसाठी मला फार लांब जावं लागलं नाही. दांडिया बाजारात काकांचं स्टेशनरीचं दुकान आहे. ‘आपल्याला सगळे वार सारखेच गं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हटलं, हेच तपासू.

सोमवार ते शनिवार, एका आठवड्याची २४० बिलं. वार खरंच सारखे असतील तर रोज ४० अपेक्षित. निघाली २७, ३६, ३४, ४२, ४७ आणि ५४. प्रत्येक वाराचा अपेक्षित आकड्याशी फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं आणि सहाही उत्तरांची बेरीज घ्यायची. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये मांडलेली काय-स्क्वेअर कसोटी ती हीच.

फजिती झाली ती माझ्या हौसेमुळे. रिपोर्टात टक्के शोभून दिसतात म्हणून मी बिलांचे टक्के काढले आणि तेच सूत्रात घातले. बेरीज ४.९. सहा वार, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे) पाच; एकूण ठरलं की सहावा आपोआप ठरतो. ५ टक्के पातळीला (म्हणजे वार सारखे असूनही ‘फरक आहे’ म्हणण्याची जोखीम ५ टक्के) तक्त्यातली किंमत ११.०७. बेरीज तिच्याहून जास्त असेल तरच फरक मानायचा. काका जिंकले!

मॅडमनी वही बघून एवढंच विचारलं, “बिलं शंभरच होती का?”

टक्के घातले की सूत्र नमुना शंभराचाच धरतं. मूळ संख्या घेतल्यावर बेरीज झाली ११.७५ आणि निकाल उलटला. त्यातले ९ पेक्षा जास्त एकट्या सोमवार-शनिवारचे. आणि ४.९ खरं असतं तरी वार सारखे असल्याचं सिद्ध झालं नसतं. फरक आहे म्हणायला पुरावा अपुरा, इतकंच. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथेच अडकवतात.

अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जाऊ देऊ नका. नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एक क्लासवाले सर दिवसातून चारदा झेरॉक्सला यायचे. त्यांची बिलं मी आधीच वगळली होती. (तेवढी एक गोष्ट मला आपणहून सुचली!)

निकाल ऐकून काका म्हणाले, “मग सोमवारी उशिरा उघडू?” एका आठवड्यावरून कसं सांगू? आणखी बिलबुकं मागितली, तर पिशवीभर दिली. त्यातला एक आठवडा उत्तरायणाचा, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीचा, निघाला. त्या दिवशी दुकान बंद, काका गच्चीवर. तो आठवडा बाजूला ठेवलाय.