मेटलसाठी गिटारचा पिकअप घेताना

डिस्टॉर्शन (फाटलेला, खरखरीत आवाज) जास्त पाहिजे म्हणून सगळ्यात हाय आउटपुटवाला पिकअप (तारांखालचं मॅग्नेट-कॉइल, जे तारेच्या कंपनाचा सिग्नल बनवतं) उचलायचा, ही चूक मी स्वतः केलीय. ट्युनिंग ड्रॉप सी (तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात), ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूला) एकदम हॉट, म्हणजे जास्त आउटपुटचा, सिरॅमिक मॅग्नेटवाला पिकअप, आणि रिफ वाजवली की खालच्या तारांवर नुसता गाळ, एकेक नोट वेगळी ऐकूच येईना. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) अँपमध्ये हवा तेवढा मिळतो हो, पिकअपने तारेचा आवाज त्याच्यापर्यंत साफ पोचवला की झालं.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी आहे त्याच पिकअपची उंची बघा. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपच्या पोलपासून (तारेखालच्या धातूच्या टोकापासून) तारेपर्यंत किती गॅप आहे ते मोजा, ब्रिजला साधारण 2 मिमी ठेवून सुरुवात करायची, जाड तारेकडे थोडी जास्त. मग अर्धा अर्धा आटा स्क्रू फिरवायचा, सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पाम म्यूट करून (तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून) वाजवायची, आणि "धड" असा आवाज येऊन लगेच थांबतो का ते ऐकायचं. लांबत गेला, फुगला तर जाड तारेकडची बाजू अजून खाली घ्या. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरी बदलायचाच असेल तर ब्रिजला हमबकरच घ्या. सिंगल कॉइल आपल्याकडच्या लाइनची 50 हर्ट्झची घरघर पकडतो आणि हाय गेनवर ती असह्य होते, हमबकरमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात त्यामुळे ती कटते.

पिकअपच्या ओहमच्या (कॉइलच्या रोधाच्या) आकड्यावर फार जाऊ नका. सेमूर डंकन कंपनीचा फिफ्टीनाइन हा पिकअप 8 किलोओहमच्या आसपास आणि त्यांचाच जेबी 16 च्या वर, म्हणजे जेबी दुप्पट जोरात असं नसतं, वायर बारीक असली की आकडा तसाही वाढतो, मॅग्नेट कुठला तेही बघावं लागतं. कॉइलचे वेढे वाढवले की आउटपुट वाढतं पण वरची धार कमी होते, गाळ होतो तो त्यामुळेच. ड्रॉप ट्युनिंगला मला तरी मध्यम आउटपुटचा, घट्ट बेसवाला पिकअप आणि अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल), ड्राइव्ह झिरो लेव्हल फुल, हेच आवडतं, कारण तो पेडल जादाचा बेस डिस्टॉर्शनच्या आधीच छाटतो. स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये जुन्या पद्धतीचा हार्ड रॉक वाजवायचा असेल तर जेबी किंवा 1972 पासून चालत आलेला डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन, डोळे झाकून घ्या.

अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाल्या पिकअपचं गणित वेगळं आहे. ईएमजी 81 मध्ये कॉइल कमी ताकदीची असते आणि आत छोटा प्रीअँप बसवलेला असतो जो 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणून नॉइज कमी, अटॅक धारदार, लांब केबल लावली तरी आवाज मरत नाही. मेटालिका बँडच्या जेम्स हेटफिल्डने वर्षानुवर्षं ब्रिजला 81 आणि नेकला (गिटारच्या मानेकडच्या बाजूला) ईएमजीचाच 60 वापरलाय. सोलोला गोलाई पाहिजे तर नेकला 85 बघा. पण पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे रोधक) 25 के (किलोओहम) चे लागतात, पॅसिव्ह हमबकरचे 500 के चे तसेच ठेवले तर व्हॉल्यूमची नॉब ऑन-ऑफ स्विचसारखी चालते, आणि बॅटरीला बॉडीत जागा आहे का ते आधी उघडून बघा. वाजवून झालं की केबल काढायची, ती खुपसलेली असली की बॅटरी उतरतच राहते.

फ्लॉइड रोज (तारा लॉक करणारा ट्रेमोलो ब्रिज) असेल तर रुंद स्पेसिंगचा पिकअप मागा, नाहीतर कडेच्या तारा पोलवर बरोबर बसत नाहीत.

सोल्डर करायच्या आधी जुन्या वायरिंगचा फोटो काढाच. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, सेमूर डंकनची काळी वायर हॉट (सिग्नल नेणारी) असते तर डिमार्झिओची लाल. सगळं जोडून दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर फेज उलटी झालीय, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांना कापतायत, एका पिकअपची हॉट आणि ग्राउंडची वायर अदलाबदल करा, उघडी शील्डची तार मात्र ग्राउंडलाच राहू द्या.